बोंडापासून चिंधीपर्यंत
(बी. ए. द्वितीय वर्ष)

यंदाच्या जानेवारीत आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर मंगरुळपीर तालुक्यातील एका खेड्यात झाले. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम हा शिबिराचा क्रम वाचकांना ठाऊकच आहे. त्यात यावर्षी एक भर पडली. प्रत्येक गटाने तेथील शाळेत एक तास शिकवायचा असे ठरले, आणि आमच्या गटाच्या वाट्याला विषय आला ‘वस्त्रे आणि पर्यावरण’. मैत्रिणींनी फळ्यावर चित्रे काढण्याचे काम चटकन उचलले आणि बोलण्याचे काम माझ्या गळ्यात आले. शेतकऱ्याची मुलगी आहे, कापसाबद्दल हिलाच बोलू द्या, असा त्यामागचा युक्तिवाद होता!

तयारीसाठी मला एक छापील पत्रक मिळाले होते. ते मी रात्री कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली तोंडपाठ केले आणि दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात घडाघडा म्हणून दाखवले. एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी खर्च होते. कपडे कमी विकत घ्या. जुने कपडे टाकून देऊ नका. फॅशनच्या मागे लागू नका. माझे बोलणे संपले तेव्हा दुसऱ्या रांगेतील एक मुलगी उभी राहिली. तिच्या गणवेशाचा खांदा उसवला होता आणि तो वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेला होता. ती म्हणाली, “ताई, माह्याजवळ तं दोनच ड्रेस हायेत. त्यातला कोनता कमी करू?”

वर्ग हसला. मीही हसले. पण उत्तर काही सुचले नाही. तास संपल्याची घंटा झाली म्हणून सुटले इतकेच.

खरे सांगायचे तर मी स्वतः महाविद्यालयात पहिल्या वर्षी आले तेव्हा माझ्याकडे तीन ड्रेस होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे शिकलेली मी पहिलीच. सोमवारी घातलेला ड्रेस गुरुवारी पुन्हा घातला की कोणी तरी हमखास विचारी, “आज पुन्हा हाच?” तेव्हा मी ज्या प्रश्नाने रडकुंडीला येत असे, त्याच प्रश्नाची उलटी बाजू मी त्या मुलीला शिकवायला निघाले होते! म्हणून शिबिर संपेपर्यंत आणि त्यानंतरही मी या विषयाच्या पाठीस लागले. ग्रंथालयात वाचले, सरांना विचारले, घरी मायला आणि बाबांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते मित्रमैत्रिणींपुढे ठेवत आहे.

आमचे शेत मानोरा तालुक्यात आहे. साडेतीन एकर, सगळे कोरडवाहू. वाशीम जिल्ह्यात आता सोयाबीनच जास्त. रिसोड-मालेगावकडे तर कपाशी शोधावी लागते. कारंजा, मंगरुळपीर, मानोरा या भागात ती अजून बरीच टिकून आहे. आम्ही दीड-दोन एकर कपाशी लावतो. पहिल्या वेचणीच्या दिवशी माय शेतात सीतादही करते, झाडांना दहीभात दाखवते आणि मगच ओटीत पहिले बोंड पडते. हे सगळे मी लहानपणापासून पाहत आले, पण आपल्या ओटीतल्या कापसाचे पुढे काय होते हा हिशेब मी कधी केला नव्हता. तो आता केला.

एक किलो कापूस जिनात गेला की त्यातून साधारण ३३ ते ३५ टक्के रुई निघते, म्हणजे ३४० ग्रॅमच्या आसपास. बाकीची सरकी. सरकीचे तेल होते, ढेप होते आणि ती ढेप पुन्हा आमच्याच गोठ्यात येते, विकत! रुईचे सूत होताना काही भाग वाया जातो, कापड बेतताना कातरणीत काही जातो. उरलेल्यात एक सदरा होतो. म्हणजे ढोबळमानाने एक किलो कापूस, एक सदरा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. आम्हाला व्यापाऱ्याकडून मिळाला तो सात हजारांच्या आसपास. म्हणजे एका सदऱ्यातला आमचा वाटा सत्तर रुपये. त्यातले दहा रुपये वेचणाऱ्या बाईचे. बियाणे, खत, फवारणी, निंदण हे सारे उरलेल्या साठात बसवायचे. तोच सदरा दुकानात सहाशे रुपयांना टांगलेला असतो.

आता पाण्याचे. २,७०० लिटर म्हणजे आमच्या घरच्या पंधरा लिटरच्या हंड्याने १८० हंडे. हा आकडा ऐकून त्या वर्गातील मुलींचे डोळे मोठे झाले होते, कारण हंडा वाहायचा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे. पण मला वाटते हा आकडा तसाच सांगणे बरोबर नव्हते. जगभरात बऱ्याच ठिकाणी कपाशीला कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी देतात. आमच्या कपाशीला कोण पाणी देतो? मृग बरसला तर पीक, नाही तर दुबार पेरणी. पावसाचे पाणी जे एरवीही त्या जमिनीवर पडलेच असते, ते आणि नदी अडवून आणलेले पाणी एकाच मापाने मोजणे म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्यावर अन्याय आहे.

नदी अडवून कापूस पिकवला तर काय होते याचे उदाहरण मात्र भूगोलाच्या पुस्तकात आहे. मध्य आशियातील अरल समुद्र एके काळी जगातील चौथ्या क्रमांकाचे सरोवर होते. १९६० च्या सुमारास सोव्हिएत राजवटीने आमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचे पाणी मोठ्या प्रमाणावर कपाशीच्या शेतांकडे वळवले. सरोवर आटत गेले, मासेमारीची गावे किनाऱ्यापासून कित्येक मैल दूर पडली, होड्या वाळूत रुतून बसल्या. उघड्या पडलेल्या तळाची खारी, विषारी धूळ वाऱ्याबरोबर माणसांच्या छातीत गेली.

आमच्याकडे विष येते ते दुसऱ्या वाटेने. २००२ साली बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली. सुरुवातीची काही वर्षे बोंडअळीची फवारणी कमी झाली असे बाबाही सांगतात. पुढे गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला जुमानेनाशी झाली, रस शोषणाऱ्या किडी वाढल्या, आणि पाठीवरचा पंप पुन्हा पाठीवर आला. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मी तेव्हा पाचवीत होते. त्याच हंगामात एका रात्री बाबांना उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधार येऊ लागला. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून त्यांना दवाखान्यात नेले. ते वाचले. तोंडाला बांधायला त्यांच्याकडे काय होते? मायच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा.

तो तुकडा आणि अंगातला फवारणीचा सदरा मायने दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर खड्डा करून पुरून टाकला. आमच्या घरातून कापड टाकून दिल्याचे मला आठवते ते एवढेच.

कारण आमच्याकडे कापड टाकत नाहीत. आजीकडून मी लुगड्याची सारी जन्मकथा लिहून घेतली आहे. नवे नऊवारी लुगडे आधी सणावाराला आणि पाहुण्यांकडे जाताना. मग रोजच्या वापरात. विटले, विरले की शेतात. मधोमध फाटले की दांड घालायचा, म्हणजे फाटका भाग काढून चांगली टोके जोडायची. त्यालाही जमेनासे झाले की धड भागाचे दुपटे, कारण बाळाच्या अंगाला जुने सूतच मऊ लागते. उरलेले वाकळीच्या थरांत. एका वाकळीत कुणाकुणाची लुगडी, धोतरे, सदरे आहेत हे आजी बोट ठेवून सांगते. आमच्या घराण्याची बखरच ती! वाकळही झिजली की तिची चुंबळ होते, दिव्याची वात होते, चुलीवरचे भांडे उतरवायचे फडके होते. शेवटी पोतेरे. चूल सारवून सारवून त्याचा लगदा झाला की ते उकिरड्यावर जाते आणि शेणखताबरोबर शेतात. कपाशीच्या शेतातून निघालेला धागा कपाशीच्या शेतात परत!

यातून जे सुटेल त्यासाठी बोहारीण होती. जुने कपडे घेऊन भांडे देणारी ही बाई म्हणजे एक चालतेबोलते खातेच. दोन साड्यांवर वाटी की तांब्या यावर मायची आणि तिची अर्धा अर्धा तास घासाघीस चाले. ती नेलेले कपडे निवडून, धुऊन जुन्या बाजारात विके. ज्यांना नवे परवडत नाही त्यांच्या अंगावर ते चढत. ‘पुनर्वापर’ हा शब्द मला बारावीत कळला, पण बोहारणीचे गाठोडे मी पहिलीत पाहिले होते. मात्र अलीकडे ती आमच्या गावात क्वचितच दिसते. मागच्या वर्षी आली तेव्हा मायने पुढे केलेल्या चार साड्यांपैकी तीन तिने हातानेच बाजूला सारल्या. म्हणाली, या कोणी घेत नाही.

त्या तीन साड्या पॉलिएस्टरच्या होत्या, आणि येथेच या विषयाची खरी गाठ आहे.

पॉलिएस्टर हा धागा शेतात होत नाही, खनिज तेलापासून होतो. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी तो शोधून काढला. आपल्याकडे टेरिलीन, टेरिकॉट या नावांनी तो आला तेव्हा लग्नात नवरदेवाला टेरिकॉटची पँट मिळणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती, असे आजोबा सांगत. आज जगात वर्षाला सुमारे १२ कोटी टन धागा तयार होतो (२०२३ चा आकडा), त्यात निम्म्याहून अधिक, ५७ टक्के, एकटे पॉलिएस्टर आहे. कापूस पाचव्या हिश्श्याच्या आसपास. मला याचा पुरावा शोधायला लांब जावे लागले नाही. गेल्या दिवाळीनंतर आमच्या शेतात सहा बाया वेचणीला होत्या. सहाही जणींच्या अंगावर पॉलिएस्टरच्या साड्या. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर कापसाचा धागा नाही!

आणि यासाठी मी त्यांना नावे ठेवणार नाही. सुती लुगडे भिजले की दगडासारखे जड होते, वाळायला दिवस घेते, महाग पडते. पॉलिएस्टरची साडी दोनशे रुपयांत येते, रात्री धुतली की सकाळी नेसता येते, इस्त्री लागत नाही. ज्या बाईकडे नेसती आणि वाळती अशा दोनच साड्या आहेत, तिला हे मोठेच सुख आहे. पण लुगड्याचे ते पुढचे जन्म या साडीला नाहीत. ती घाम टिपत नाही, म्हणून दुपट्याला चालत नाही. निसरडी, म्हणून वाकळीत थर सरकतो. पाणी शोषत नाही, म्हणून पोतेरे होत नाही. वात केली तर वितळते. जमिनीत गेली तर वर्षानुवर्षे कुजत नाही. धुताना तिचे डोळ्यांना न दिसणारे तंतू पाण्यात सुटतात आणि ओढ्या-नाल्यांतून पार समुद्रापर्यंत जातात.

मग या साड्यांचे होते काय? आमच्या भागात कोणत्याही शिवारात जाऊन पाहा. रानडुकरे आणि रोही आत शिरू नयेत म्हणून शेताच्या चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधलेल्या दिसतील. लाल, हिरव्या, जांभळ्या. लांबून पाहिले तर जत्राच भरली आहे असे वाटते. साड्यांचे गठ्ठे यासाठी विकतही मिळतात. युक्ती चांगली आहे, स्वस्तही. पण दोन उन्हाळ्यांत त्या साड्यांच्या चिंध्या होतात, वाऱ्याने उडतात, आणि वखराच्या पासेला गुंडाळून वर येतात. यंदा बाबांनी एका तासात चार वेळा वखर थांबवून पास मोकळी केली.

या शिवाराबाहेर पाहिले तरी चित्र असेच आहे, फक्त प्रमाण मोठे. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या अटाकामा वाळवंटात श्रीमंत देशांनी टाकलेल्या कपड्यांचे ढिगारे पडले आहेत. आपल्याकडे हरियाणातील पानिपत (आपल्याला ते वेगळ्याच कारणाने आठवते!) हे परदेशी जुन्या कपड्यांच्या धंद्याचे गाव आहे, तेथे ते फाडून, पिंजून, पुन्हा सूत काढून ब्लँकेटे करतात. तामिळनाडूतील तिरुप्पूर येथे बनियन आणि टी-शर्टांचा मोठा व्यवसाय आहे. तेथील रंगाऱ्यांच्या सांडपाण्याने नोय्यल नदी इतकी नासली की २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाला रंगाचे कारखाने बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. आणि स्वस्त कपड्याची किंमत कोण देतो याचे सर्वांत भयंकर उत्तर बांगलादेशात मिळाले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली, त्यातली बहुतेक शिवणकाम करणारी. भिंतींना भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या, तरी कामगारांना कामावर बोलावले गेले.

आमच्या जिल्ह्याला कापडाचा इतिहास नाही असे कोणी समजू नये. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. त्याच शाखेतील हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची कित्येक लेणी कोरली गेली, आणि तेथील भित्तिचित्रांतील माणसांच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांची, नक्षीची तलम वस्त्रे आजही दिसतात. पुढे १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा त्यांची नजर येथल्या काळ्या जमिनीकडे वळली. कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ ही शकुंतला रेल्वे मुळात घातली ती कापूस वाहून नेण्यासाठीच. ती आता बंद आहे. कापूस मात्र अजूनही बाहेरच जातो आणि कापड होऊन परत येते.

असो. त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळते. शिबिराच्या सहाव्या दिवशी मी मुख्याध्यापकांना विनंती करून पुन्हा एक तास मागून घेतला. यावेळी पत्रक नेले नाही. आदल्या दिवशी मुलांना निरोप दिला होता की घरातले सर्वांत जुने कापड आणा. आणि काय काय आले! तीन वाकळी, एक चुंबळ, पणजोबांचा फेटा. तांड्यावरच्या एका मुलाने आजीची कांचळी आणली होती. आरसे, कवड्या, हातटाके यांनी भरलेली. त्याच्या आजीला ती तिच्या आईने दिलेली. पोहरादेवीच्या यात्रेत असे पोशाख आपण सर्वांनी पाहिले आहेत, पण हातात घेऊन त्याचा टाका न् टाका मी प्रथमच पाहिला. एक जण धुऱ्यावरची साडीच ओरबाडून घेऊन आला होता.

मैदानात, पाण्याची बादली जवळ ठेवून, आम्ही दोन धागे जाळून पाहिले. सुती धागा कागदासारखा जळाला, वास चुलीसारखा आला आणि बोटाला चोळली तर मऊ राख. पॉलिएस्टरचा धागा आक्रसला, काळा धूर सोडत वितळला आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी झाला. तो मणी सगळ्या वर्गात हातोहात फिरला. मग हापशीजवळच्या ओल्या मातीत आम्ही दोन चिंध्या शेजारी शेजारी पुरल्या, एक जुन्या सुती झंपराची आणि एक धुऱ्यावरच्या साडीची.

नंतर मी त्या मुलीला वर्गासमोर सांगितले, तुझा प्रश्न बरोबर होता. ते पत्रक तुझ्यासाठी लिहिलेले नव्हते. दोन ड्रेसांतला एकही कमी करू नकोस. तर ती म्हणाली, “पन ताई, मायच्या पेटीत लय साड्या हायेत. ते नेसत नाई.”

कसल्या साड्या म्हणून विचारले, तर आहेराच्या! लग्नात, बारशाला, तेरवीला मानपान म्हणून दिलेल्या. मी हात वर करायला सांगितले. वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या घरी अशा साड्या होत्या. कोणाकडे आठ, कोणाकडे वीस. घडीही मोडलेली नाही. या घरातून त्या घरात, त्या घरातून तिसऱ्या घरात, न नेसताच म्हाताऱ्या होणाऱ्या या साड्या शेवटी धुऱ्यावर जातात. अंगावर घालायला दोन ड्रेस आणि पेटीत न नेसलेल्या वीस साड्या! आमच्याही घरी अकरा आहेत. मी शिबिराहून परतल्यावर मोजल्या. मायला म्हटले, पुढच्या लग्नात साडीऐवजी दुसरे काही देऊ. माय म्हणाली, “लोकं काय म्हनतीन वं?” यावर मात्र माझ्याकडे अजून उत्तर नाही. आमच्या चुलतबहिणीचे लग्न वैशाखात आहे आणि यादीत पस्तीस साड्या आहेत. त्या पंचवीसपर्यंत खाली आणण्यासाठी माझे घरात भांडण चालू आहे.

मार्चअखेरीस परीक्षेच्या गडबडीतून एक दिवस काढून मी त्या शाळेत जाऊन आले. मुलांनी हापशीजवळची माती उकरली. झंपराची चिंधी सापडली नाही. सापडला तो फक्त तिच्या शिवणीचा दोरा, जसाच्या तसा, कारण तो दोरा पॉलिएस्टरचा होता. हे पुरताना माझ्याही लक्षात आले नव्हते. साडीची चिंधी मात्र रंगासकट बाहेर आली. दुसऱ्या रांगेतल्या त्या मुलीने ती हापशीखाली खळखळून धुतली, पिळली आणि सरळ वेणीला बांधली.